मालनबाईची घागर

"पाटील, हौद कोरडा पडलाय!"

गोरोबा धापा टाकत चावडीवर आला, तेव्हा पोलीस पाटील नानासाहेबांचा नुकता डोळा लागला होता. ते अनवाणीच धावले.

विठोबाच्या देवळामागचा तो सिमेंटचा हौद सकाळी काठोकाठ भरलेला होता. गावातले आड माघातच आटले होते. बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. गावची निम्मी माणसं सकाळच्या एसटीनं सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जायची. जाताना सोसायटीच्या दुधाचे कॅन डेअरीवर उतरवायची, येताना तेच कॅन धुऊन शहरातल्या नळाचं पाणी आणायची. सप्ताहाच्या काल्याला गावजेवण व्हावं म्हणून ज्यानं त्यानं असं पाणी हौदात ओतलं होतं. काला उद्यावर आला होता, आणि तळाला फक्त ओल उरली होती.

मागच्या मोरीचा लाकडी खुंटा निखळून पडला होता. शेजारी एक धोंडा होता. ओघळ बौद्धवाड्याच्या वाटेला लागला होता.

वाड्यातल्या पहिल्याच घरात मालनबाई सापडली. विधवा बाई, पदरी सून आणि नात. उंबऱ्याशीच भरलेली घागर, अजून बाहेरून ओली.

"हे पाणी कुठलं?"

"मोरीतनं वाहत हुतं, पाटील. मातीतच चाललं हुतं. म्या घागर लावली."

"खुंटा कुणी काढला?"

"मला काय ठावं? मी खडी फोडून येत हुते."

"वाहत होतं तर वरडली का न्हाईस?"

मालनबाईनं मान वर केली. "वरडले असते तर काय इचारलं असतं तुमी? हेच की."

मागोमाग आलेली गर्दी खवळली. हिनं एका घागरीपायी सगळ्या गावाचं पाणी घालवलं, असं लोक म्हणू लागले. नानासाहेबांनी घागर जप्त करून चावडीत ठेवली. निकाल लागेपर्यंत टँकरच्या रांगेत हिचा नंबर बंद, असंही ते बोलून गेले.

संध्याकाळी टँकर आला. मालनबाई रांगेत आली नाही. लिंबाखाली रिकाम्या हातांनी उभी राहिली. नात तिच्या लुगड्याला धरून टँकरच्या सोंडेकडं बघत होती. नानासाहेबांना समोरचं ताट गोड लागलं नाही.

त्यांनी धुळाप्पाला चावडीवर बोलावलं. हा गिरणीतला कामगार, गळ्यात माळ, भजनात पहाडी आवाज. सुट्टी असल्यानं देवळात वीणेचा दुपारचा पहारा त्याच्याकडं होता. सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातनं उतरते ती दुसऱ्याच्याच गळ्यात पडते.

"पहाऱ्यात कोण आलं होतं?"

"कुणी न्हाय."

"खुंटा ठोकून काढलाय. आवाज आला असेल की."

"न्हाय आला. नामात हुतो मी."

"वीणा गळ्यातून काढली होतीस?"

"काय बोलता, पाटील! जीभ झडंल."

बोलता बोलता धुळाप्पाची नजर कोपऱ्यात गेली. तो थबकला.

"ही... मालनबाईची घागर?"

"व्हय."

"ह्यातलं पिलं तर न्हाय ना कुणी?"

"कोण पिणार? तिच्या उंबऱ्यातनंच उचलली."

धुळाप्पानं मोठा श्वास सोडला आणि उठून गेला.

कीर्तनात बुवा रंगले होते. "तोंडाला खोटं शिकवता येतं, बाबांनो. पायाला न्हाय शिकवता येत!" टाळ कडाडले. नानासाहेबांच्या डोळ्यांत कीर्तनात पाणी यायचंच, पण आज ते वेगळं होतं. वीणेकऱ्याच्या पाया पडायला ते वाकले. वीणा गोरोबाच्या गळ्यात होती. तिच्या भोपळ्याच्या बुडाला वाळलेल्या चिखलाची चकती चिकटलेली होती.

"गोरोबा, ही माती कधीची?"

"माझ्याकडं आली तवाची. आन पाटील, वीणा देताना धुळाप्पानं मला पाया पडू दिलं न्हाय. पाय मागं घेतले. असं कधी घडलंय का?"

सकाळी नानासाहेब धुळाप्पाचा कॅन बघायला सोसायटीच्या दूध संकलनावर जाऊन उभे राहिले. धुळाप्पाचं दूध काल संध्याकाळपासून आलं नव्हतं. ते त्याच्या गोठ्यात गेले. म्हैस आडवी पडली होती, तोंडाला फेस. दावणीमागं एक पत्र्याचा डबा पालथा घातलेला. दुधाचा तो नव्हताच. त्याच्या सांध्यात निळा गाळ बसला होता. चावडीवर येऊन त्यांनी घागर हलक्या हातानं कलती केली. वरचं पाणी गेलं. बुडाला तोच निळा गाळ राहिला.

दुपारी मंडप भरला. काल्याच्या कीर्तनाआधी नानासाहेब उभे राहिले. मालनबाईला त्यांनी निरोप धाडला होता. ती मंडपाबाहेर उभी होती.

"पाणी चोरीला गेलं न्हाय," ते म्हणाले. "चोर पाणी नेतो, मातीत सोडत न्हाय. बाईला घागर भरायची असती तर ती हौदात बुडवली असती, खुंटा कशाला ठोकंल? आन धोंड्याचा आवाज वीणेकऱ्याला येऊ नये, हे कसं? आवाज त्याच्याच हातचा होता म्हणून. दोन्ही हात मोकळे करायला त्यानं वीणा खाली ठेवली. तिथल्या ओलीची माती भोपळ्याला लागली."

मंडपातून हाय निघाली. पाणी गेल्यापेक्षा ही गोष्ट मोठी होती.

"पण कशापायी? ते मला त्यानंच सांगितलं. घागर बघून त्यानं चोरीचं विचारलं न्हाय. कुणी पिलं का, एवढंच विचारलं. पाण्यात काय आहे, हे ज्याला ठाऊक तोच असं विचारतो. धुळाप्पा, तुझ्या गोठ्यातला निळ्या गाळाचा डबा कुठला?"

धुळाप्पा खांबाला टेकून बसला होता. तो उठून उभा राहिला.

"गिरणीच्या रंगखात्यातला. परवा माझा कॅन डेअरीत अडकला, गाडी सुटत हुती. रिकाम्या हातानं देवाच्या हौदाकडं कसं जायचं? डबा इसळला, भरला. बराचसा हौदात ओतला, उरलेलं म्हशीला पाजलं. काल दुपारी पहाऱ्यावर पोरगी सांगत आली, म्हस पडलीया म्हणून. आज सगळं गाव तेच पाणी पिणार हुतं. म्या सोडून दिलं. पन सगळ्यांचं पाणी म्या नासवलं, हे जिभेवर येईना."

बुवांनी डोळे मिटले होते.

"गावाचा जीव वाचवलास," नानासाहेब म्हणाले. "आन त्यासाठी वीणा ठेवलीस, ते देव बघंल. पण रात्रभर गप बसलास, ते?" मग त्यांचा आवाज खाली आला. "आन मी तर शहानिशा न करताच तिचा नंबर बंद केला."

धुळाप्पा मंडपाबाहेर जाऊन मालनबाईच्या पायांशी वाकला. तिनं पाय मागं घेतले.

"पाणी सोडलंस ते चांगलं केलंस," ती म्हणाली. "माझी नात तहानली झोपली, तवा तुझं घर चार पावलांवर हुतं. तवा का न्हाय आलास?"

धुळाप्पा तिथंच मातीत बसला.

गोरोबा गहिवरला. गळ्यातली वीणा उतरवून पुढं झाला. "मालनबाई, शेवटचा पहारा तुमी घ्या. आमचं पाप फिटंल."

"ती तुमची वीणा हाय, तुमचा देव. तुमचं पाप माझ्या गळ्यात कशाला घालता?" तिनं नानासाहेबांकडं वळून हात पुढं केला. "मला माझी घागर द्या. टँकरची रांग धरायची हाय."

नानासाहेब स्वतः चावडीवर गेले. घागर घासली, आपल्या घरच्या रांजणात होतं तेवढं पाणी तीत भरलं आणि खांद्यावर घेऊन भर उन्हात बौद्धवाड्याकडं निघाले. मागं मंडपात काल्याचं कीर्तन सुरू झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते नानासाहेबांच्या कानाआड झालं.

उंबऱ्याशी ते थांबले.

"आत ठेवू का?"

मालनबाई दारात आली.

"तिथंच ठेवा, पाटील. काल तिथनंच उचलली हुती."