पास झालेली माती

भिवराबाई मंजुषाबाईंच्या ऑफिसात आली तीच रडत. बावीस वर्षं ऊस तोडून तिनं वडवणीजवळ विठ्ठलराव पुढाऱ्याकडून घरकुलासाठी प्लॉट घेतलेला. पाया खणला, त्या मातीत नात संस्कृती खेळली अन् तिसऱ्या दिवशी पोर दवाखान्यात. मातीत फवारणीचं विष निघालं. बांधकामाआधीच्या तपासणीत मात्र हीच माती पास!

“माझ्या हातानं पिशवी भरली, बांधली अन् विठ्ठलरावांच्या दलालाला, पप्पूला दिली. मधीच कुणीतरी माती बदलली, बाई!”

मंजुषाबाई बीडला खासगी तपास करायच्या. प्रविण त्यांची गाडी चालवायचा आणि त्यांच्याआधी गुन्हेगार पकडायचा, तोही नेहमी चुकीचा.

“पप्पूच! दलालाची जात कधी सुधारली का?”

प्रयोगशाळेत उरलेली माती होती. काळीभोर, तीत उसाच्या बारीक मुळ्या. प्लॉटवर तर तांबडा मुरूम अन् विटांचे तुकडे. माती बदललीय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

पिशवी तिथल्याच माणसांनी तपासणीसाठी खालून कापलेली होती. तोंड तसंच, उसाच्या वाढ्याचा, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याचा, पीळ देऊन बांधलेलं. मंजुषाबाईंनी वाळल्या पिळाचं टोक जरा ओढलं, तर त्याचा चुरा झाला.

पप्पू चौकात भेटला. “म्या पिशवीला हात न्हाई लावला, ताई. निस्ती पोचवली.”

मंजुषाबाईंनी तिथं उभ्या उसाच्या ट्रॉलीतलं हिरवं वाढं उपसून त्याला दिलं. “मोळी बांध बरं.”

त्यानं बुटाच्या लेससारखी गाठ मारली. ती लगेच सुटली.

“भिवराबाईला काय सांगितलंस?”

“माती नापास झाली तर घरकुल जाईल, इतकंच. विठ्ठलराव मालकानंच सांगाया लावलं.”

विठ्ठलरावांनी आधी चहा पाजला. “तिथं आमचं फवारणीच्या औषधाचं गोदाम व्हतं. गड्यांनी मुदत संपलेला माल पुरला असंल, मला काय ठावं? पण माझ्या माणसानं माती बदलली असंल तर तिला दुसरा प्लॉट देतो. चार लोकांत शब्द देतो.”

प्रविण खूश झाला. म्हातारीचं घर झालंच म्हणायचं!

दुसऱ्या दिवशी प्लॉटवर सगळे जमले.

“हा पीळ ओल्या वाढ्याचाच बसतो,” मंजुषाबाई पिशवी दाखवत म्हणाल्या. “वाळल्यावर सोडायला जावं तर चुरा होतो. मी ओढलेलं टोक सोडलं तर हा अजून अख्खा आहे, म्हणजे पिशवी कुणी उघडलीच नाही.”

“पप्पूनं नवा बांधला असंल!” प्रविण म्हणाला.

“त्याला येतो? असा पीळ ऊसतोड्याचाच हात देतो. काळी माती पहिल्यापासूनच आत होती.”

प्रविणनं भिवराबाईकडं पाहिलं.

“हिथल्या मातीला औषधाचा वास येत व्हता,” ती खाली बघत म्हणाली. “नापास झाली तर घर जाईल म्हणले. मला वाटलं, शेताची तपासत्यात तशीच ही तपासणी. चांगली माती दाखवावी, म्हणून मालकाच्या उसातली आणली.”

विठ्ठलराव धोतर झटकून उठले. “म्हंजे माझ्या माणसानं न्हाई बदलली. ऐकलं ना समद्यांनी?”

“विष तुमचं अन् भीती बी तुमीच घातली!” प्रविण ओरडला.

“कागदावर दाखव, बे!” म्हणत ते गाडीत बसले.

मंजुषाबाईंनी भिवराबाईच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला.

“हुशार हाव, बाई, तुमी लई हुशार. पर घडीभर गप कावून न्हाई बसलाव? माझ्या संस्कृतीला घर मिळालं असतं.”

मंजुषाबाईंनी ती पिशवी उचलली. प्रविणनं गाडी सुरू केली.