दोन एम. के. आणि एक हिरवा ठिपका

बर्फाच्या डब्यातल्या एकाच ट्यूबवर दोन हात पडले.

"ही माझी," मिरेन म्हणाली.

"झाकणावरचं नाव वाच की!"

"वाचलंय. एम. के. मिरेन केर."

"मर्डो किडसुद्धा एम. के.च होतो," तो हसला. "आता गं?"

दोघंही एडिनबरातल्या त्या प्रयोगशाळेत दहा आठवड्यांच्या चाचणीवर आले होते, आणि प्रोफेसर आइल्साबाईंकडे पीएच.डी.ची जागा होती एकच! डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरच्या खुणा पुसून गप्प जनुकाला बोलतं करणारं एन्झाइम दोघांनी आपापलं बनवलं होतं. मर्डोने आपल्या ट्यूबांच्या झाकणांवर हिरवा ठिपका काढला.

"आता डोळा ठेवू नकोस."

"तुझ्या ट्यूबवर? छे!"

"मी ट्यूबबद्दल बोलतच नव्हतो…"

मिरेनने मान वळवली. कान मात्र लाल झाले.

नवव्या आठवड्यात मर्डोची शेवटची ट्यूब कुठे सापडेना, त्याचा प्रयोग अर्धाच राहिला. मिरेनचा मात्र असा जमला, की चहाच्या वेळी बाईंनी सगळ्यांसमोर जागा तिला देऊन टाकली. पहिली टाळी मर्डोने वाजवली.

दुसऱ्या दिवशी डबा आवरताना तळाशी एक ट्यूब निघाली. एम. के., ठिपका नाही, काठोकाठ भरलेली. तिची स्वतःची! मग तिने वापरली ती…? बर्फ साचलेली झाकणं तिनेच स्पिरिटने पुसली होती. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. आणि जागा तिला हवी होती, फार हवी होती. ती अर्धा तास तशीच उभी राहिली. मग बाईंकडे गेली, आणि तिथून मर्डोकडे.

"ती ट्यूब तुझी होती. ठिपका माझ्याकडूनच पुसला गेला. जागा आता तुझी… मी वर यीस्टवाल्यांच्या प्रयोगशाळेत चाललेय."

"अगं, सांगायचं कशाला? मला माहीत होतं."

"काय?"

"तुझा निकाल पाहिला तेव्हाच ओळखलं, माझंच एन्झाइम असं वागतं. पण टाळ्या वाजत होत्या, आणि तुझा चेहरा… नाही सांगवलं मला."

"मूर्ख आहेस तू, मर्डो किड!" तिचे डोळे भरून आले. तिने त्याच्या खिशातलं हिरवं पेन काढून त्याच्या हातात दिलं आणि आपला हात पुढे केला. "काढ."

"काय?"

"ठिपका."

त्याने पेनाचं टोपण काढलं. "स्पिरिटने जातो हं."

"मग रोज काढावा लागेल. दोनच जिने आहेत मधे."