पहिली भिक्षा

“भिक्षाऽऽ!”

दारातून हाक आली आणि निंगव्वाच्या हातातली थापलेली भाकरी तव्याऐवजी राखेत पडली... सात वर्षांनी ऐकलेला तो आवाज! वळून बघायचं नाही म्हणता म्हणता मान वळलीच. उंबऱ्यापलीकडं भगव्या वस्त्रात, खांद्याला झोळी अडकवून तिचा धाकटा भाऊ मडिवाळप्पा उभा होता. उद्या मठाच्या गादीवर बसणारा, ज्याच्या पाया पडायला लोकांच्या रांगा लागणार होत्या, तो तिचा मडू!

सात वर्षांपूर्वी घर सोडून मठात जाताना याच उंबऱ्यावर तो म्हणाला होता, “अक्का, तुला पीठ आणि जळणापलीकडं काही दिसतच न्हाय. तुझा प्रपंच तुला लखलाभ!” अंथरुणाला खिळलेल्या आईकडं, अव्वाकडं, त्यानं वळूनही पाहिलं नव्हतं. चालून आलेलं स्थळ अक्कानं कुणासाठी परतवून लावलं, हेही कधी विचारलं नव्हतं. तेव्हापासून निंगव्वा कडक भाकऱ्या करून विकत होती, अव्वाची कूस बदलत होती... देवापुढं निवांत हात जोडायला तिला खरोखरच सवड मिळाली नव्हती!

“घर चुकलात महाराज,” ती कोरडेपणानं म्हणाली. “हितं प्रपंच राहतो.”

“आज न्हाय अक्का. चुकलो ते सात वर्षांमागं...” त्यानं खांद्यावरची झोळी सावरली. “गादीवर बसायच्या आधी पहिली भिक्षा मागायची रीत हाय. गुरू म्हणाले, सात वर्षं ज्या हातांचं खातोस, त्याच दारी जा. आचाऱ्याला विचारलं, तर म्हणतो, भाकऱ्या कुंभार वेशीतून येतात, बाई नाव सांगू देत न्हाय. पत्ता शोधत निघालो आणि माझ्याच गल्लीत शिरलो गं!”

निंगव्वाच्या डोळ्यांना धुराचं निमित्त मिळालं. रोज पहाटे पहिल्या जाळावरच्या भाकऱ्या ती मठाच्या टोपलीत रचायची. तोच तिचा जप, तेच तिचं व्रत!

“नाव कळलं असतं तर खाल्ल्या असत्यास व्हय? आणि उपाशी पोटाला कुठला रे देव दिसणार!”

आतून अव्वाचा क्षीण आवाज आला, “निंगव्वा, दारातल्याला ताटकळत ठेवू नको गं. आत बोलव की!”

“ऐकलंस? पण आयती भिक्षा मिळायची न्हाय. बस चुलीपाशी. भाकरी भाज!”

शेजारची नागूबाई भिंतीवरून ओरडली, “अगं बया! महाराजांना चुलीपुढं बसवतीस?”

“महाराज मठात. हितं मडू हाय!”

मडिवाळप्पानं झोळी खुंटीला अडकवली. पहिलीच भाकरी उलटताना बोट पोळलं, आणि लहानपणीसारखं त्यानं ते चटकन तोंडात घातलं... निंगव्वा खळखळून हसली! किती वर्षांनी हसली! तीच अर्धी करपलेली भाकरी दुधात कुस्करून त्यानं अव्वाला भरवली. पहिल्या घासालाच, नजर अधू झालेल्या अव्वानं चाचपडत त्याचं मनगट घट्ट धरलं. “मडू...” एवढंच ती म्हणाली आणि दुसऱ्या घासासाठी तिनं तोंड उघडलं.

एव्हाना नागूबाईच्या ओरडण्यानं दाराशी गल्ली जमली होती. त्या भरल्या गल्लीदेखत मडिवाळप्पानं अक्काच्या पिठाळलेल्या पायांवर मस्तक ठेवलं. स्वामी कुणापुढं वाकत नसतो! नागूबाईनंच पहिल्यांदा हात जोडले.

“उद्यापासून अव्वाची सकाळ माझी,” उठत तो म्हणाला. “गादी त्यानंतर.”

“उशीर केलास तर जळण फोडाय लावीन!”

भाकऱ्यांनी भरली झोळी खांद्यावर घेऊन तो वळणाआड गेला. निंगव्वानं परातीत नवं पीठ ओढलं, आणि कित्येक वर्षं मुकी झालेली ओवी तिच्या ओठांवर आपसूक उमटली:

चुलीच्या गं जाळावरी, माझं आयुष्य भाजलं
आज बंधूच्या झोळीत, त्याचं सोनं गं साजलं!