जुन्या गावचं पाणी

विहीर खारी झाली तेव्हा आम्ही आधी एकमेकांवरच संशय घेतला. कुणीतरी समुद्रात बुडवलेली बादली आत सोडली असणार, असं बायका म्हणायच्या. मग दुसरी विहीर खारी झाली. पूर्वेचा कोरडा वारा सुरू झाला, पिंपांतलं पावसाचं पाणी तळाला गेलं आणि लहान मुलं आजारी पडू लागली. त्याच दिवसांत एका भरतीने किनाऱ्यालगतची घरांची अख्खी रांग ओढून नेली.

आमच्याकडे गावप्रमुखाला राजा म्हणतात. आमच्या राजाच्या घराचं छप्पर गावात सगळ्यांत जास्त गळतं, तरी तो राजाच. त्याने आम्हाला चर्चच्या पायऱ्यांवर गोळा केलं.

"सरकारी जहाज येणार आहे," तो म्हणाला. "मोठ्या बेटावर जागा देणार आहेत, पण तीन वेगवेगळ्या ठिकाणी. कुणी कुठं, ते तेच ठरवणार. जायचं नसेल तर एकच वाट आहे. आपले वाडवडील डोंगरावर राहायचे. तिथं पाणी असेल तर आपण वर जाऊ. जहाजाच्या आधी कुणीतरी बघून या!"

त्या जुन्या गावात जन्मलेला एकच माणूस जिवंत होता: माझ्या आजोबांचे भाऊ, एलियासेर. सगळं गाव त्यांना तेते म्हणायचं, म्हणजे आजोबा. वर जायला सर्वांत आधी तयार झाला माझा नवरा ओबेद. तो रानडुकरांचा शिकारी. बेट सोडायचं नाव काढलं की त्याच्या कपाळावरची शीर टरारून यायची. त्याच्या पाठोपाठ उठला त्याचा धाकटा भाऊ रुबेन. हा पाणबुड्या. शिंपल्यांसाठी नुसत्या छातीतल्या हवेवर खोल खोल बुड्या मारायचा. त्याला मात्र बेट सोडून जायचंच होतं. वर पाणी नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला तो येत होता. भावाभावांत कितीतरी महिने धड बोलणं नव्हतं.

"हे दोघं असतील तर दोर्सिलालाही घ्या," तेते माझ्याकडे बोट करून म्हणाले. "नाहीतर वाटेत एकाचा मुडदा मला उचलावा लागेल, आणि माझी कंबर आता तशी राहिली नाही."

अशी आमची चौघांची टोळी निघाली. कसाव्याच्या कंदाच्या वाळक्या भाकरी, सुके मासे, पाण्याचे दोन कॅन, बोटीचा नायलॉनचा दोर आणि राळेच्या मशाली.

पहिला अडथळा खाजणाचा. खारफुटीतून गुडघाभर चिखल तुडवत जायचं, आणि भरती मागून चढत होती. ओबेद कोयत्याने मुळं तोडत पुढे, मी तेतेंचा हात धरून मध्ये. एवढ्यात रुबेन ओरडला, "थांबा! ते लाकूड नाही!" हाकेच्या अंतरावरचा तो काळा ओंडका हलला. मगर! पाणी कमरेला लागलं होतं. आम्ही हाताला येईल त्या मुळांवर चढलो आणि माकडांसारखे या झाडावरून त्या झाडावर लोंबकळत पलीकडे गेलो. तेतेंची एक चप्पल चिखलातच राहिली.

"मगरीला पुरेल का तेवढी?" ओबेदने विचारलं.

"तुझ्या बडबडीपेक्षा पचायला सोपी आहे," तेते म्हणाले. हसले फक्त तेच दोघं. रुबेन मागे वळून समुद्राकडे बघत होता.

पुढे कातळ लागला. आमचा डोंगर प्रवाळाच्या दगडाचा. वर चालायचं म्हणजे फुटक्या बाटल्यांवरून चालल्यासारखं. त्यावर जंगल उभं होतं, पण त्यात पाखराचाही आवाज नव्हता. पानं उन्हाने गुंडाळली गेली होती, वेली सुकून दोरखंडासारख्या लोंबत होत्या आणि ओबेद ज्या डबक्यांवर डुकरांची वाट बघायचा ती सगळी कोरडी पडली होती. प्रत्येक डबक्यापाशी तो वाकून बोटाने माती उकरायचा. ते मला बघवत नव्हतं.

संध्याकाळी कडा चढायचा होता. जुन्या लोकांनी खोदलेल्या खोबणी झिजून गेल्या होत्या, आधार फक्त वडासारख्या एका झाडाच्या मुळांचा. आधी ओबेद चढला, त्याने दोर सोडला, मग तेते, मग मी. रुबेन शेवटी, पाण्याचे कॅन पाठीला बांधून. अर्ध्यावर मूळ तुटलं! क्षणभर तो एका हातावर लोंबकळला. पाठीवरची गाठ सुटली. एक कॅन गेला, कातळावर आपटून फुटला. दुसरा त्याने दातांत दोरी धरून वाचवला, पण तोही खाली चिरला होता. वर येईपर्यंत रिकामा!

"मुद्दाम टाकलंस?" ओबेद त्याच्या अंगावर धावला.

"हो ना! तहानेने मरायची हौस आहे मला!"

"पुरे!" मी ओरडले. "भांडायलासुद्धा थुंकी लागते. जपून वापरा."

ती रात्र कोरड्या तोंडाने काढली. उजाडता उजाडता जुनं गाव लागलं. बदामासारख्या फळांची उंच केनारी झाडं, शेवाळलेल्या दगडांची थडगी, खापरांचे ढीग. तेते हातांनी चाचपडत चालले होते, "इथं आमची चूल... नाही, इथं..." आणि मग एका झुडपाआड जमिनीला पडलेलं ते भगदाड दिसलं. काठावर पायांनी गुळगुळीत झालेल्या पायऱ्या होत्या.

"पावसात पाणी इथवर यायचं," तेते म्हणाले. "उन्हाळ्यात खाली उतरून भरायचे."

बादली सोडून उपयोग नव्हता. विवर तिरकं जाऊन एका कपारीखाली वळत होतं. ओबेदने चिरलेला कॅन राळेने लिंपला, दोर कमरेला बांधला, मशाल पेटवली आणि उतरला. प्रकाश लहान होत होत कपारीआड गेला.

"मशाल विझली!" त्याचा आवाज आला. मग खळखळून हसू. "पाणी आहे! दोर्सिला, गोड पाणी आहे!"

त्याने दोर स्वतःच्या कमरेचा सोडून कॅनला बांधला. आम्ही ओढून घेतला. देवा, काय पाणी होतं ते! गार, स्वच्छ, माझ्या लहानपणच्या विहिरीसारखं. मी रडत रडत प्यायले. रुबेनही प्यायला आणि मान खाली घालून बसला. तो हरला होता. मला वाटतं, हरल्याचं त्याला बरंही वाटत होतं.

"ओबेद, दोर सोडतेय!"

उत्तर नाही.

"ओबेद!"

तेतेंच्या हातातला कॅन खाली आला. "दोर्सिला, कसला वास येतोय का?"

"नाही."

"तेव्हाही आला नव्हता. माझी बहीण लेआ घागर घेऊन उतरली होती. मामा तिला आणायला उतरला. दोघं वर आलेच नाहीत. मला घरचे सांगायचे, लेआला खालच्या मोठ्या गावात दिलीय, आणि मी तेच खरं मानत आलो. खाली वाईट हवा आहे गं! कधी असते, कधी नसते!"

मी दोर धरून धावले. रुबेनने मला मागे खेचलं.

"वहिनी, दोर माझ्या कमरेला बांध."

"तूही तिथंच पडशील!"

"श्वास घेतला तर पडेन. घेणारच नाही."

तो काठावर बसला, जसा होडीच्या कडेला बसायचा. डोळे मिटून सावकाश हवा भरत राहिला. मग छाती फुगवून गेला! पाण्यात नाही, कोरड्या अंधारात बुडी! दोर माझ्या हातातून सळसळत होता. थांबला. मी मोजायचं धाडस केलं नाही. एकाएकी तो रिकाम्या हाताने वर आला, निळा पडलेला, कुत्र्यासारखा धापा टाकत.

"डाव्या अंगाला पडलाय. हात लागला. पुन्हा जातो, दोर त्याला बांधतो."

तो पुन्हा गेला. दोराला झटका बसला! आम्ही दोराचा वेढा केनारीच्या बुंध्याला दिला आणि ओढू लागलो. म्हातारा आणि मी! तळहात सोलले. कपारीत काहीतरी अडकलं. "ओढ!" तेते किंचाळले. खालून कुणीतरी ढकलत होतं. एकदम अडकलेलं सुटलं, ओबेदचे खांदे दिसले, आणि त्याच्या मागून रुबेन रांगत बाहेर पडला.

ओबेद निपचित होता. मी त्याच्या तोंडात हवा फुंकली, छातीवर मुठी मारल्या. बऱ्याच वेळाने तो खोकला, ओकला, डोळे उघडले.

"गोड आहे ना पाणी?" तो पुटपुटला.

"गप रे, गाढवा!" रुबेन म्हणाला आणि भावाच्या पोटावर डोकं टेकून हुंदके देऊ लागला.

उतरताना ते पाणी आम्ही संपवलं. गावात दाखवायला थेंब उरला नाही. म्हणून काहींचा विश्वासच बसला नाही. राजा म्हणाला, "पंप लावू. नळी टाकू."

"नळी लावायला कोण उतरणार?" रुबेनने विचारलं. "आणि ती अडकली की? मी दोनदा श्वास रोखलाय. तुमची पोरं रोखतील?"

सगळे ओबेदकडे बघू लागले. बेट सोडायचं नाही म्हणणारा तोच होता. तो भिंतीला टेकून उभा होता. पाय अजून धरत नव्हते.

"त्या पाण्यावर गाव वसवायचं नाही," तो म्हणाला, आणि बाहेर निघून गेला.

जहाज आलं तेव्हा रुबेनने एकच हट्ट धरला: सगळ्यांना एकाच ठिकाणी जागा द्या, नाहीतर एकही जण चढणार नाही. तो जहाजाच्या पायऱ्यांवर आडवा पडून राहिला. शेवटी सरकारी साहेब कंटाळले आणि कबूल झाले.

मोठ्या बेटावर आम्हाला दुसऱ्यांच्या गावामागचा उतार मिळाला. नळाला पाणी होतं. त्या गावचा वडीलधारा माणूस भेटायला आला, चांगला होता बिचारा, सोबत मासे घेऊन आला होता.

"घरं बांधा," तो म्हणाला. "कसावा लावा, मका लावा. पण नारळ लावू नका, केनारी लावू नका. ज्याने झाड लावलं त्याची जमीन होते, असा आमचा कायदा आहे. रागावू नका."

ओबेदने माझा हात धरला.

"रागावू कशाला?" एलियासेर तेते म्हणाले. "आमच्या बेटावरही हाच कायदा होता."

मग त्यांनी कुदळ मागितली आणि वाकून कसाव्याच्या काड्या रोवायला सुरुवात केली.