धारेची अदलाबदल

“पण आज पोहायला जायचं ठरलं होतं!” गळ्यात टॉवेल अडकवून गोटीनं दारातच ठाण मांडलं.

“तलाव काही पळून जात नाही,” सुतळी म्हणाली. “तलवार मात्र जाऊ शकते. मावशी फोनवर काय म्हणाली ते ऐकलंस ना?”

सुतळी तेरा वर्षांची, उंच आणि किडकिडीत. गोटी तिचा नऊ वर्षांचा धाकटा भाऊ, चांगला गोलमटोल. ही नावं का पडली, असं त्यांना कुणी कधी विचारलं नाही. तिसरा होता दुसऱ्या मावशीचा मुलगा, त्यांचा बारा वर्षांचा मावसभाऊ. त्याला दर वाक्याला एक शंका यायची, म्हणून घरात सगळे त्याला शंकासुर म्हणत. सुट्टी लागली आणि तिघं मावशीकडे राहायला आली.

मावशी दातांची डॉक्टर होती. दवाखान्यामागच्या खोलीत तिनं जुन्या जपानी तलवारी जमवल्या होत्या. वीस वर्षांत सहा. पेशंटना मात्र याचा पत्ता नव्हता. “दात काढणाऱ्या बाईकडे तलवारी आहेत हे कळलं, तर माझ्या खुर्चीत कोण बसेल?” असं ती म्हणायची. त्या खोलीचे नियम कडक होते. पात्याला बोट लावायचं नाही. पात्याकडे तोंड करून बोलायचं नाही, कारण थुंकीचा एक थेंब उडाला तरी गंज धरतो. गोटीला त्या खोलीत पाच मिनिटांच्या वर कधी टिकता आलं नव्हतं.

सातवी तलवार कालच विमानानं आली होती. जपानमधल्या एका म्हाताऱ्या संग्राहकानं ती मावशीला विकली होती, तीसुद्धा वर्षभर पत्रं लिहून, ही बाई तलवार नीट सांभाळेल याची खात्री झाल्यावर. आणि आज सकाळी कस्टमच्या एजंटचा फोन आला. “थोडी अडचण आहे. अकरा वाजता पेटी उघडणार आहेत. पण काळजी नको, होऊन जाईल!”

“एजंटकाका ‘होऊन जाईल’ म्हणाले म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय,” शंकासुर म्हणाला.

मावशीनं दवाखान्याच्या दारावर ‘आज बंद’ची पाटी लावली आणि गाडी काढली. गोटीचा टॉवेल गळ्यातच राहिला.

विमानतळामागच्या गोदामात पेट्यांचे डोंगर होते. त्यांच्यामधून एक पिवळी गाडी पुढे दोन लोखंडी दात काढून फिरत होती. गोदामाच्या टोकाला काचेची खोली होती आणि तिथे कस्टमच्या अधिकारीबाई बसल्या होत्या. गणवेशाला कडक इस्त्री. टेबलावर लांबट लाकडी पेटी उघडून ठेवलेली, आणि पेटीत काळ्या म्यानातली एक तलवार.

“शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणून तुम्ही कागद दिलेत,” अधिकारीबाई म्हणाल्या. “जुनी असेल तर सोडता येते. नवी असेल तर ते हत्यार, आणि हत्याराला परवाना लागतो. तो तुमच्याकडे नाही. दाखल्यात लिहिलंय, पात्याच्या मुठीआतल्या भागाला दोन छिद्रं आणि कारागिराचं नाव. दाखवा.”

मावशीनं पिशवीतून छोटी पितळी हातोडी काढली. मुठीतली बांबूची खुंटी हलकेच ठोकून बाहेर काढली आणि मूठ सरकवली. आतला भाग आरशासारखा चकचकीत होता. छिद्र एकच. नाव कुठेच नाही.

मावशीचा चेहरा उतरला. “ही माझी तलवार नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. “जुन्या तलवारीचा हा भाग कुणी कधी घासत नाही, तो गंजून काळपट झालेला असतो. ही सरावाची तलवार आहे. बोथट. पोलादाचीसुद्धा नाही.”

“पेटीवर नंबर तुमचाच आहे.”

“फसवलं की हो त्या म्हाताऱ्यानं!” एजंटकाकांनी कपाळावर हात मारला. “फोटो एकीचा, पाठवली दुसरी! असं फार चालतं!”

“तो माणूस तसा नाही,” मावशी म्हणाली. पण तिच्या आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता.

अधिकारीबाईंनी पेन उघडलं. “खोट्या कागदांवर माल आणला, असं मला लिहावं लागेल. माल जप्त. यापुढे तुमच्या नावावर अशी वस्तू मागवता येणार नाही.”

तेवढ्यात टेबलावर खळ्ळकन आवाज झाला. टाचण्यांच्या डबीशी गोटीचा चाळा चालला होता. डबीच्या तोंडाशी गोल लोहचुंबक होता. त्यानं तो उपटून काढला आणि सगळ्या टाचण्या सांडल्या.

“गोटी! पात्याजवळ नेऊ नकोस!” मावशी सवयीनं ओरडली.

पण त्यानं नेलाच. आणि काहीच झालं नाही! चुंबक पात्याला चिकटलाच नाही. गोटीनं पुन्हा लावून पाहिला. मग टेबलाच्या लोखंडी पायाला लावला, तर तो फटकन बसला.

“टेबल चिकटतं, तलवार चिकटत नाही,” गोटी म्हणाला.

अधिकारीबाईंनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे हे पोलाद नाही, हे खरं.”

“मग ही तलवारच नाही, हत्यार तर लांबच!” एजंटकाका खूश झाले. “होऊन जाईल!”

“पण मला एक शंका आहे,” शंकासुर म्हणाला. तो मघापासून पेटीभोवती फेऱ्या मारत होता. “ही नंबराची चिठ्ठी एवढी फुगलेली का? हिच्याखाली आणखी काहीतरी आहे.”

“ती गोदामाची चिठ्ठी,” अधिकारीबाई म्हणाल्या. “आमचा मुकादम लावतो.”

“पण कशाच्या वर लावलीय?”

अधिकारीबाईंनी त्याच्याकडे जरा बारकाईनं पाहिलं. मग कागद कापायची सुरी घेऊन चिठ्ठीचा कोपरा उचलला आणि ती पूर्ण सोलून काढली. खाली पाठवणाऱ्यानं लावलेला मूळ पत्ता होता. त्यावर मावशीचं नाव नव्हतं. शहरातल्या एका तलवारबाजीच्या वर्गाचं होतं.

मुकादमाला बोलावलं. तो पान चघळावं तसं शिट्टीचं टोक चघळत आला. “हो, दोन पेट्या होत्या काल. एकाच विमानानं, एकाच माल पाठवणाऱ्या कंपनीकडून. दोन्ही सारख्याच लांब. मी नंबर लावले. एक वर्गवाल्यांची, ती काल संध्याकाळी गेली.”

“उघडून पाहिली होती?”

“बाई, त्यांच्या बोथट तलवारी दर सहा महिन्यांनी येतात. त्यात काय पाहायचं?”

एजंटकाकांनी सुस्कारा सोडला. “चला, म्हाताऱ्यानं फसवलं नाही. नुसती अदलाबदल! आज पत्र लिहितो, आठवड्याभरात परत मागवू. होऊन जा—”

“काका, थांबा!” सुतळी एकदम म्हणाली. “बोथट तलवार आपल्याकडे आलीय. मग धारदार तलवार त्यांच्याकडे गेलीय. आणि ती धारदार आहे हे त्यांना माहीतच नाही!”

मावशीच्या हातातली बांबूची खुंटी खाली पडली.

“त्या वर्गात शिकतं कोण?” तिनं विचारलं.

“शाळेतली पोरं,” मुकादम म्हणाला, आणि त्यानं तोंडातून शिट्टी काढली.

अधिकारीबाईंनी मूळ पत्त्याखालचा फोन नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, कुणी उचलेना. शंकासुरनं मावशीच्या मोबाइलवर वर्गाचं पान उघडलं. “आज दुपारी बारा वाजता पालकांसमोर प्रात्यक्षिक. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला नवी तलवार भेट. सभागृहात फोन बंद ठेवावेत,” त्यानं वाचून दाखवलं. “आत्ता साडेअकरा.”

“गाडी कुठेय तुमची?” अधिकारीबाईंनी टोपी डोक्यावर ठेवली. “मीही येते.”

रस्त्यात मावशी फक्त एकदा बोलली. “बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. तेच काळं म्यान, तीच दोरा गुंडाळलेली मूठ.” बाकी वेळ ती पुढच्या गाडीला हॉर्न देत होती.

वर्ग एका शाळेच्या सभागृहात भरायचा. शाळेच्या गल्लीत पालकांच्या गाड्या एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की सायकलसुद्धा निघाली नसती. बाराला तीन मिनिटं कमी होती.

“आम्ही पळतो!” सुतळीनं दार उघडलं आणि तिघं सुटली. टॉवेल वाऱ्यावर फडफडत गोटी सगळ्यांत मागे.

सभागृहाच्या दारात राखणदार स्टूल टाकून बसला होता. त्यानं हात आडवा केला. “कार्यक्रम चालू आहे. सरांनी सांगितलंय, मुंगीलासुद्धा आत सोडायचं नाही.”

“काका, आतली तलवार खरी आहे! कुणाचा तरी हात कापेल!”

“हो का? आणि मी इथला राजा आहे.” राखणदार हसला. “कालच्या पोरांनी सांगितलं, आत साप शिरलाय. चला, पळा!”

सुतळी त्याच्याशी हुज्जत घालू लागली. गोटीनं खालून वाकून घुसायचा प्रयत्न केला आणि त्याची मानगूट राखणदाराच्या मुठीत सापडली. शंकासुरनं मात्र शांतपणे विचारलं, “काका, एक शंका आहे. दार बंद, फोन बंद. मग वेळ संपली हे सरांना कळतं कसं?”

“ही घंटा मी दाबतो ना!” राखणदारानं हनुवटीनं भिंतीवरचं लाल बटण दाखवलं. “घंटा झाली की आतला प्रत्येक जण आहे त्या जागी थांबतो. सरांची शिस्त आहे ती! हात वर असला तर वरच—”

शंकासुरनं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं!

घणघणाट इमारतभर घुमला. राखणदाराचे दोन्ही हात त्याच्याकडे वळले आणि सुतळी दारातून आत सटकली.

लाकडी जमिनीच्या मधोमध तिच्याच वयाची एक मुलगी उभी होती. कमरेच्या पट्ट्यात काळं म्यान. उजवा हात मुठीवर, डाव्या मुठीत म्यानाचं तोंड. पातं अजून बाहेर आलं नव्हतं. घंटेसरशी ती होती तशीच थांबली होती. भिंतीशी बसलेले पालक इकडेतिकडे पाहत होते.

“ओढू नकोस!” सुतळी ओरडली. “ती धारदार आहे!”

सर पांढऱ्या केसांचे, ताठ. त्यांनी आवाज चढवला नाही. “बाहेर जा.”

“जाते, सर. पण आधी तुम्ही स्वतः ती बघा. एकदाच.”

सरांनी क्षणभर विचार केला. मग मुलीच्या कमरेची तलवार अलगद काढून घेतली, दाराच्या उजेडाकडे नेली आणि दोन बोटं पातं बाहेर काढलं. धारेच्या कडेनं, खऱ्या पोलादालाच येते तशी, धुक्यासारखी एक नागमोडी रेघ चालली होती. सरांनी पातं ताबडतोब आत सरकवलं.

“ही कुणी उघडून पाहिली होती?” त्यांनी विचारलं.

त्यांचा मदतनीस चाचरला. “सर, पेटी नेहमीचीच होती... तुमच्या हस्ते उघडायची म्हणून मी...”

“मी पेटी उघडली, पण पातं पाहिलं नाही. तलवार सरळ तिच्या हातात दिली.” सर त्या मुलीकडे वळले. “डावा हात पुढे कर. म्यान करताना पातं या बेचक्यावरून सरकतं. अंगठा आणि बोटाच्या मधून. आज...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मुलीनं हात पाठीमागे घेतला.

तेवढ्यात मावशी आणि अधिकारीबाई धापा टाकत आल्या. मागून राखणदार, एका हातात शंकासुर, दुसऱ्यात गोटी. “बाई, यांनीच घंटा वाजवली!”

“माहीत आहे,” अधिकारीबाई म्हणाल्या. “सोडा त्यांना.”

सर जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि तिघांपुढे कमरेतून वाकले. त्यांच्यामागे सगळा वर्ग वाकला. काय करावं हे न सुचून गोटीही वाकला, आणि बाकीचे सरळ झाले तरी तो वाकलेलाच राहिला.

दुपारी काचेच्या खोलीत पुन्हा एकदा खुंटी निघाली. या वेळी मुठीच्या आतला भाग काळपट तपकिरी होता. छिद्रं दोन. खाली छिन्नीनं कोरलेली उभी अक्षरं. अधिकारीबाईंनी दाखल्यावरचा शाईचा ठसा शेजारी धरला. एकेक रेघ जुळली.

“दोन छिद्रं कशाला?” गोटीनं विचारलं, तेही तोंड बाजूला वळवून.

“नंतरच्या कुणा मालकानं ती आपल्या उंचीप्रमाणे आखूड करून घेतली. मूठ बदलली, जुनं छिद्र जुळेना, म्हणून दुसरं पाडलं,” मावशी म्हणाली. तिनं कापसाला तेल लावून पातं एकदा पुसलं. “त्या म्हाताऱ्यावर मी घटकाभर संशय घेतला. आज रात्री त्याला पत्र लिहीन. तुमच्याबद्दल. तुम्ही नसता तर तलवार गेली असतीच, पण मी पुन्हा कधी तलवारीला हात लावू शकले नसते.”

मुकादमाचा लेखी जबाब झाला. त्यानं वाद घातला नाही. बाहेर पडताना तो सुतळीपाशी थांबला. “माझी मुलगी त्याच वर्गात जाते,” एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

अधिकारीबाईंनी अहवाल लिहून पुरा केला. “माझी माणसं नंबर वाचतात,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पेटी वाचलीत. शाबास! आता साक्षीदार म्हणून इथे सह्या करा.”

“बाई, लहान मुलांच्या सह्या साक्षीदार म्हणून चालत नाहीत,” एजंटकाका चुळबुळत म्हणाले. “नियम आहे.”

“बरोबर. मग तुम्ही पट्टी घ्या आणि शेजारी एक नवा रकाना आखा. वर लिहा, ‘चूक शोधणारे’.”

एजंटकाकांनी रकाना आखला. सुतळीनं सही केली. शंकासुरनं आधी सगळा अहवाल वाचला, दोन शंका विचारल्या आणि मग केली. गोटीनं आजवर कधीच सही केली नव्हती. त्यानं जीभ बाहेर काढून आपलं पूर्ण नाव लिहायला घेतलं. ते रकान्यात मावेना, तेव्हा अक्षरं समासात गेली, तिथून वळून खाली आली आणि अधिकारीबाईंच्या सहीला जाऊन टेकली.

“असू दे,” अधिकारीबाई म्हणाल्या, आणि त्यावर त्यांनी शिक्का मारला.