कुंपणातली घूं

"आलं का ऐकू?" बबलूने पुन्हा विचारलं.

"तू तोंड मिटलंस तर येईल," अक्षरा खेकसली.

लातूरची अक्षरा उन्हाळ्याच्या सुट्टीत कंधारजवळ सिद्धेश्वरमामाच्या गावी आली होती. लाकडी चौकटीला तांब्याची तार गुंडाळून तिने रेडिओ बनवला होता. लांब समुद्रावर वीज कडाडली, की तिच्या लहरी जमीन आणि आभाळातला विद्युतभारित थर यांच्यामध्ये आपटत हजारो किलोमीटर येतात. त्यांची चटचट यात ऐकू यायची. गावातल्या तारांची घरघर नको, म्हणून ती गावातली मैत्रीण राजकन्या आणि तिचा भाऊ बबलू यांना घेऊन मामाच्या भुईमुगात आली होती. जवळ एकही खांब नव्हता.

तरी घूंऽऽ चालूच! चौकट तारेच्या कुंपणाकडे नेली, तसा आवाज वाढला.

"हात लावू नका कुणी," अक्षरा म्हणाली.

राजकन्याचा चेहरा उतरला. काल त्यांची शेळी इथंच मेली होती. साप चावला, असं सिद्धेश्वरमामाने सांगितलं होतं. राजकन्याची आई नागाबाई रोज इथूनच शेळ्या नेते.

तेवढ्यात मामा आला. "काय करून राहिलात इथं?"

"कुंपणात करंट आहे, मामा."

"सोलरची झटका मशीन हाय. डुकरं येतात ना."

"ती थांबून थांबून टकटक करते. हे सलग घुमतंय."

"लई शहाणी झालीस!"

इतक्यात ओढ्यापलीकडची मोटार बंद पडली. लाईट गेली होती. रेडिओतली घूंसुद्धा थांबली, नुसती चटचट उरली.

"डोक्यावर ऊन असताना सोलर बंद कसं पडलं?" अक्षराचा आवाज रागाने कापत होता. "ओढ्यापलीकडच्या लायनीवर आकडा टाकलायस तू!"

मामा ओशाळला. "रात्रीपुरता टाकतो. सकाळी काढायचा राहतो कधीकधी. सगळेच टाकतात."

"म्हणजे साप खोटा," राजकन्या म्हणाली आणि आईला अडवायला पळत सुटली.

मामाला वायरमनला फोन करायला लावूनच अक्षरा गप्प बसली. वायरमनने आकडा काढला, मामाला चार शब्द सुनावले आणि पोरांच्या पाठीवर थाप मारली. "माणूस वाचवला रे तुम्ही."

मामा लगेच फुशारला. "भाची कुणाची हाय!"

नागाबाई शेळ्यांसह बांधावर उभी होती.

"अण्णा, शेळी मेली तर साप म्हनलात," ती म्हणाली. "मी मेल्यावर काय म्हनला असता?"