पोरगा निघाल्यावर पुसलेली फरशी

नेरच्या कुंदाताईंना फरशीचं भारी वेड. आता वेड म्हणा नाहीतर विरंगुळा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. कापसाचे भाव बसले, तशी गल्लीतली अडत्यांची घरंही एकेक करून कुलपं लावून गाव सोडून गेली. बोलायला माणूस नाही, मग बाई फरशीशीच बोलायच्या. हसू नका, एकट्या माणसाला काहीतरी लागतंच.

टाइल्स लेकानं, सलीलनं बसवून दिल्या होत्या. राखी रंगाच्या, चेहरा दिसेल अशा गुळगुळीत. शिकवणही त्याचीच, "आई, फिनाईल नको, ॲसिड तर मुळीच नको. कोमट पाण्यात थोडासा साबण, फडकं घट्ट पिळायचं, अन् शेवटी कोरड्या कापडाचा हात." कुंदाताई ते अगदी सोवळ्यासारखं पाळायच्या. सलील नागपूरला. नागपूर काही सातासमुद्रापार नाही हो, पण त्याचं येणं व्हायचं दिवाळीलाच. निघताना त्या दरवेळी म्हणायच्या, "राहा की रे अजून." तो हसून बॅग उचलायचा.

त्या दिवाळीनंतरही तसाच सकाळी निघाला. कुंदाताईंनी हातावर दही घातलं, तो वाकून पाया पडला, अन् दह्याचा एक थेंब दाराशी सांडला. रिक्षा वळली. त्यांनी सवयीनं फडकं ओलं करून थेंब पुसला. पुसला, तर तेवढीच जागा लखलखीत अन् बाकी सगळी मळकी! मग हात थांबतो कुठला? आतल्या खोलीपासून मागेमागे सरकत त्यांनी अख्खं घर पुसून काढलं.

दारात तांड्यावरची जमनी उभी, रोज दूध घालणारी. चरवी तिच्या हातातच राहिली.

"अवं बाई, पोरगं आत्ताच गेलं ना? अन् तुमी पोछा मारून राह्यल्या?"

कुंदाताईंच्या हातातलं फडकं गळालं. घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, फरशी पुसायची नाही. लगेच घर पुसतात ते मयत उचलल्यावर. जन्मभर पाळलेली गोष्ट, अन् एका डागापायी विसरल्या.

"काही होत नसते," जमनी म्हणाली. पण रोज घटकाभर टेकणारी ती, आज दूध ओतून उभ्या उभ्याच गेली.

दुपारपर्यंत फोन यायला हवा होता. आला नाही. सलीलचा मोबाइलही लागेना. कुंदाताईंना घास गेला नाही. "देवा, चुकी माझी आहे, त्याला काही करू नको," एवढंच पुटपुटत त्या फोनजवळ खुर्चीत बसून राहिल्या.

दिवेलागणीला वास आला. ओल्या फडक्याचा, कोंदट. फरशी तर केव्हाच वाळली होती. तरी दाराजवळ काहीतरी चकाकत होतं. ओलं पाऊल... एकच, अनवाणी. टाचेपासून बोटांपर्यंत सपाट, सलीलचं असायचं तसंच. आणि दाराला आतून कडी होती.

त्या बघत असतानाच पुढे दुसरं उमटलं. मग तिसरं. चालायचा आवाज नाही, काही नाही. पावलं खुर्चीला वळसा घालून मागे गेली अन् थांबली. कुंदाताईंना मान वळवायचं धाडस होईना.

फोन खणाणला.

"आई, पोचलो गं! गाडी बंद पडली होती वाटेत, मोबाइलची बॅटरीही गेली. तू काळजी करत बसली असशील ना?"

सलीलच! कुंदाताईंना रडू फुटलं. "सुखरूप आहेस ना रे बाळा?"

"एकदम. ठेवतो आता, लय थकलो. पुढच्या दिवाळीला येतोच आहे."

पुढच्या दिवाळीला. कुंदाताई नुसतं "हो" म्हणाल्या. घर किती मोठं आहे, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात मागून, अगदी कानाशी, तोच आवाज आला. दमलेला, हळू.

"आई... भूक लागली. मी आता इथंच राहतो."

पलीकडे सलील चमकला. "आई? कोण बोलून राहिलं तिथं? हा तर माझा... आई, मागं कोण आहे?"

कुंदाताईंनी पदरानं डोळे कोरडे केले. किती वर्षांनी या घरात कोणी "इथंच राहतो" म्हणत होतं.

"ठेवते रे," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "माझा सलील आलाय घरी."